निळ्या लाटांची वही: कार्तिक ते मार्गशीर्ष

कार्तिक वद्य चतुर्थी, मिठमुंबरी (देवगड)

संकष्टीचा चंद्रोदय दिनदर्शिकेत छापलेलाच असतो, त्यामुळे काळोख किती वेळ मिळणार हे घरूनच ठरवता आलं: साडेसात ते साधारण नऊ. ओहोटी होती. लाटांत काही दिसलं नाही. परत फिरताना ओल्या वाळूत टाच घासली गेली आणि तिच्याभोवती पाच-सहा ठिणग्या चमकून विझल्या. फोटो नाही, पण पाण्यात नॉक्टिल्युका (पाणी हललं की चमकणारा सूक्ष्म एकपेशीय जीव) आहे एवढं नक्की झालं.

कार्तिक वद्य द्वादशी

2020 च्या नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंत लाटा उजळल्या, तेव्हा मी घरात बसून दुसऱ्यांचे फोटो बघत होतो. यंदा ती रात्र मिळाली.

दुपारीच सुगावा लागला होता. पाण्यावर किनाऱ्याला समांतर असा हिरवट, तेलकट दिसणारा पट्टा होता. रात्री निळं पाणी शोधणाऱ्यांनी दिवसा हा पट्टा शोधावा, असं मी आता ठामपणे सांगेन. भरतीची वेळ जुन्या हिशेबाने काढली: तिथीची पाऊणपट. बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊ. चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता.

आठ वाजता लाट फुटली आणि तिच्या कडेने एक फिकट रेघ डावीकडून उजवीकडे धावत गेली. दर लाटेला तेच. मी बराच वेळ कॅमेऱ्याची पिशवी उघडलीच नाही. पाण्यात हात फिरवला, तर बोटांचा आकार स्पष्ट दिसत होता.

आता फोटोंचं. पहिला फोटो: 24 मिमीची लेन्स, एफ 1.8, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची तीव्रता) 3200, 15 सेकंद. पडद्यावर गर्द निळा गालिचा! पण तो मी पाहिलाच नव्हता. पंधरा सेकंदांत दोन लाटा येऊन गेल्या आणि दोघींचा उजेड एकाच चित्रात साठला. शिवाय काळोखात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाही. मला रेघ निळसर पांढरी दिसत होती, कॅमेऱ्याला मात्र भडक निळी. म्हणून आयएसओ 6400 केला आणि वेळ दोन सेकंदांवर आणली. फोटोतला खरखरीतपणा वाढला, पण लाटेची रेघ रेघच राहिली आणि मागे झावळ्यांची काळी कड दिसली. हाच फोटो ठेवलाय. तुम्ही फोटो टाकाल तेव्हा किती सेकंदांचा आहे ते जरूर लिहा. नाहीतर मुंबईहून गाडी काढून आलेला माणूस किनाऱ्यावर निळा गालिचा शोधत बसतो आणि समोरची खरी रेघ त्याला कमी वाटते.

फोकस आपोआप लागत नाही. वीस पावलांवर विजेरी ठेवून तिच्यावर लावला, मग विजेरी बंद केली.

दुसऱ्या दिवशी, घरी

बरणीभर पाणी आणलं होतं. भिंगाखाली अर्ध्या मिलिमीटरचे पारदर्शक गोळे, थेट भिजलेल्या साबुदाण्यासारखे, प्रत्येकाला एक शेपटी. आत हिरवी झाक. ती या पेशीच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्म हिरव्या शैवालाची. अरबी समुद्रात हिवाळ्यात माजते ती हीच हिरवी जात. बरणी स्थिर ठेवली तर गोळे वर येऊन कडेला जमले, कारण आतल्या अमोनियामुळे ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असतात.

अंधारात बरणी हलवली की चमक. पाणी हललं की पेशीतल्या पोकळीच्या पडद्यावर विजेचा संकेत धावतो, पोकळीतलं आम्ल बारीक कणांत शिरतं आणि ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) ल्युसिफेरिन या प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवतं. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. चमचाभर पाण्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाकले, तर सगळे गोळे एकदम उजळले, काही क्षण तसेच राहिले आणि मेले. आम्लाचं काम डोळ्यांनी पाहिलं; पुन्हा करणार नाही. उरलेलं पाणी संध्याकाळी समुद्रात सोडलं.

मार्गशीर्ष वद्य नवमी

काही नाही. वारा, गढूळ पाणी.

मार्गशीर्ष वद्य एकादशी

रेघ फिकट, तुटक. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, माणसांशी बोललो. त्यांना हे पाणी आवडत नाही: जाळं पाण्यात उजळतं, मासळीला दिसतं आणि ती बगल देते. बहर दाट असेल तर अमोनिया आणि कुजताना संपणारा ऑक्सिजन, दोन्ही मासळीच्या जिवावर येतात. हे ऐकून मी वहीत एक रकाना वाढवलाय: त्या दिवशी रापणीला काय लागलं. आजची नोंद: थोडी तारली, बाकी जेली. जेलीफिश नॉक्टिल्युका खाते, तेव्हा दोन्ही एकत्र दिसतात का, हे पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यात बघायचं आहे. पौष वद्य द्वादशीला भरती पुन्हा नऊची. मी सातला किनाऱ्यावर असेन.