धुळे–साक्री–नंदुरबार : अप्पा आणि मी, सिकलसेल राईडचा लॉग

राईड झाली मंडळी. धुळ्याहून निघून कुसुंबा, नेर, साक्री, निजामपूर करत नंदुरबार, शंभरेक किलोमीटर. अप्पा आणि मी दोघंही आपापल्या सायकलवर, मागून येणाऱ्या टेम्पोत एकदाही न बसता. दिवाळीनंतर तयारी सुरू केली तेव्हापासून बरेच जण विचारत होते की वडिलांना झेपेल का, कसं जमवलं, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, अप्पा एसटीत ड्रायव्हर होते, धुळे डेपो, आता रिटायर आहेत, साठी ओलांडून बरीच वर्षं झाली. साक्री–नंदुरबार हा त्यांचा जुना रूट. आमचा काही सायकलवाल्यांचा ग्रुप हिवाळ्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांसाठी पैसे जमवायला राईड काढतो, ओळखीपाळखीची माणसं किलोमीटरमागे ठराविक रक्कम कबूल करतात आणि जेवढं चालवाल तेवढे पैसे देतात. यंदा रूट नंदुरबारचा ठरला आणि मी घरी सहज बोलून गेले तर अप्पा जेवता जेवता म्हणाले, "हाऊ मन्हा रस्ता शे, मी येस." झालं, विषय संपला.

आधी सिकलसेलबद्दल दोन शब्द, कारण नुसतं "चॅरिटी" म्हटलं की लोक मान हलवतात आणि पुढे जातात. नंदुरबार जिल्हा, आपला सातपुड्याचा पट्टा, इथल्या आदिवासी वस्त्यांत हा आजार बराच आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ऑक्सिजन कमी पडला की गोल लाल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत, पोटात, छातीत असह्य दुखतं. आई-बाप दोघंही वाहक (म्हणजे आजाराचा जीन अंगात आहे पण आजार नाही असे) असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि नुसतं वाहक होण्याची ५० टक्के. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो म्हणून त्याला पत्ताच नसतो, म्हणून लग्नाआधी तपासणी एवढी महत्त्वाची. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन जुलै २०२३ मध्ये सुरू झालंय, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून, आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय. काम खूप मोठं आहे, आपण त्यातलं चिमूटभर करतो पण मनापासून करतो.

राईडच्या आधी अप्पांना एका तपासणी कॅम्पला मुद्दाम घेऊन गेले होते. तिथे सिस्टर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एका छोट्या नळीतल्या औषधात टाकायच्या, थोडा वेळ थांबायच्या आणि मग ती नळी काळ्या रेघा मारलेल्या कार्डासमोर धरायच्या. पाणी स्वच्छ राहिलं आणि पलीकडच्या रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिन कुठल्या प्रकारचं आहे ते नेमकं सांगणाऱ्या लॅबमधल्या तपासण्या. एका पोराची नळी गढूळ झाली, त्याची आई सिस्टरांच्या तोंडाकडे बघत होती, अप्पा त्या नळीकडे. सिस्टर सांगत होत्या की थंडी, अंगातलं पाणी कमी होणं आणि अतिश्रम या तीन गोष्टींनी दुखणं उफाळून येतं, म्हणून हिवाळ्यात स्वेटर-ब्लँकेट आणि कायम जवळ पाण्याची बाटली हेही औषधाइतकंच लागतं. आमच्या राईडचे पैसे त्यालाच जातात, गरम कपडे, बाटल्या आणि कॅम्पच्या गाडीचं डिझेल. घरी येताना अप्पा काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत सायकल काढून नकाणे तलावापर्यंत जाऊन आले होते.

आता तयारी. सुरुवात नकाणे तलाव, मग सोनगीर (तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, परत येताना आईसाठी एक तांब्या घेतला), मग लळिंगचा घाट. लळिंगला मुद्दाम नेत होते कारण धुळ्याहून जवळचा चढ तोच, आणि मला बघायचं होतं की अप्पा चढावर श्वास कसा सांभाळतात. डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी, बीपी, शुगर सगळं आधी करून घेतलं होतं, हे ज्यांना आई-वडिलांना घेऊन निघायचंय त्यांनी पहिल्यांदा करा, सायकल नंतर बघा. नियम एकच ठेवला, चालवताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, बोलणं तुटायला लागलं की वेग कमी. हार्ट रेट बेल्ट आणला होता पण अप्पांना छातीवर तो पट्टा नको वाटायचा, गप्पांवरच भागलं आणि छान भागलं.

सायकलींचं सांगते. अप्पांची हायब्रिड आहे, पुढे पेडलपाशी तीन दातेरी चकत्यांची, ३२ एमएमचे टायर, हवा ६५ पीएसआयच्या आसपास. सीट दीड बोट वर घेतली, हँडल थोडं उंच केलं कारण वर्षानुवर्षं स्टिअरिंगवर बसून त्यांची पाठ फार वाकत नाही. उजव्या बाजूला आरसा बसवला, तो त्यांनी स्वतः हट्टाने बसवून घेतला, "आरशाशिवाय गाडी डेपोबाहेर काढत नाहीत" म्हणाले. माझी रोडबाईक नेहमीचीच, पुढे ५०/३४ दात्यांच्या चकत्या आणि मागे ११ ते ३२ दात्यांच्या.

राईड संक्रांतीनंतरच्या रविवारी. जानेवारीतलं धुळं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, पारा दहाच्या खाली येतो आणि पांझरेच्या काठाने तर हात सुन्न होतात. अंधारातच निघालो, मागे लाल दिवे, अंगात चमकणारी जाकिटं, अप्पांनी आत बनियनवर वर्तमानपत्राची घडी छातीला लावलेली, पूर्वी पहाटेच्या गाडीला जाताना लावायचे तशी. स्वस्तात मस्त विंडचीटर आहे ते, ऊन आलं की काढून टाकायचं.

धुळे–साक्री म्हणजे सुरतकडे जाणारा नॅशनल हायवे ५३, रस्ता रुंद आहे पण ट्रक खूप, त्यामुळे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे एकामागे एक. हा रस्ता नकाशावर सपाट वाटतो पण साक्रीकडे हळूहळू चढतच जातो, डोळ्याला चढ दिसत नाही आणि पाय मात्र जड होतात, नवे लोक इथेच दमतात. मी जीपीएसवर चढाचा आलेख लावून बसले होते आणि अप्पा मागून आधीच सांगायचे, आता पूल येईल, पुलानंतर चढ, आत्ताच गिअर हलका कर. चढ लागल्यावर गिअर टाकायचा नाही, लागायच्या आधी टाकायचा, हे त्यांचं बसमधलं शास्त्र आणि सायकलला शंभर टक्के लागू आहे, जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन कटकट करते, लय तुटते, गुडघ्यावर पण येतं. खरं सांगते, माझ्या स्क्रीनपेक्षा त्यांची आठवण जास्त बिनचूक निघाली. ज्या माणसाने एखाद्या रस्त्यावर भरलेली गाडी ओढलीय त्याला तो रस्ता पायातून कळतो असं माझं आता ठाम मत झालंय, तुमच्या घरात असं माणूस असेल तर रूट त्यांनाच आखायला लावा.

मी पुढे खेचायला लागले की मागून आवाज, "कसाले घाई करी राहिनी माय, रस्ता काय पळी जाई राहिना का?" आणि दर थोड्या वेळाने, "पानी पी ले." थंडीत तहान लागत नाही म्हणून आपण पीत नाही आणि मग दुपारी पेटके येतात, पण मला वाटतं अप्पांच्या डोक्यात त्या सिस्टरांचं बोलणं होतं, कारण स्वतः पिऊन झाल्याशिवाय मला सांगायचे नाहीत.

नेरच्या आसपास ऊन आलं. पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीचा हा भाग, नदीवर छोटे बंधारे, त्यातून पाट, आणि गावाने मिळून पाणी वाटून घ्यायचं, काही शतकं चाललेली व्यवस्था आहे ही, कधी नुसतं ते बघायला सायकल घेऊन जा. नेर सोडलं आणि अप्पांचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. खान्देशात सायकल चालवणाऱ्याला हे सांगायला नको, बांधावरच्या फांद्या तोडून रस्त्याकडेला टाकतात आणि ट्रॅक्टरच्या चाकाने काटे डांबरापर्यंत येतात. मी घाईने नवी ट्यूब काढली तर अप्पांनी हात धरला, टायरच्या आत बोट फिरवत फिरवत सावकाश पूर्ण चक्कर मारली, पहिला काटा तर दिसतच होता, पण त्याच्यापासून वीतभर अंतरावर दुसरं टोक होतं, आत जेमतेम टोचेल एवढं, बाहेरून अजिबात न दिसणारं, रबरात मोडून बसलेलं. नेलकटरच्या चिमटीत धरून ते काढलं तेव्हा नखाएवढा काळा तुकडा निघाला. तो राहिला असता तर नवी ट्यूब साक्रीच्या आत गेली असती. तेव्हा ट्यूब बदलताना टायर आतून पूर्ण चाचपा, एक काटा सापडला म्हणून थांबू नका.

साक्रीला बसस्टँडजवळ अप्पांचे जुने सोबती, ड्रायव्हर-कंडक्टर, हार घेऊन उभे! किलोमीटरमागे दहा रुपये कबूल करणारे निम्मे हेच लोक. चहा झाला, आईने दिलेल्या दुधातल्या दशम्या आणि लसणाची चटणी काढली, एका कंडक्टर काकांनी जागेवरच जास्तीचे पैसे काढून दिले आणि परत तिकीट नको म्हणाले. खाण्याचं आमचं असं होतं, दर तासाला एक केळं आणि गूळ-शेंगदाण्याची मूठ, बाटलीत लिंबू-मीठ-साखर. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कार्ब असतात, आपल्या जळगावच्या केळीला तर जीआय मानांकन आहे, मग त्या महागड्या एनर्जी जेलच्या पुड्या कशाला हव्यात मला समजत नाही.

साक्रीनंतर हायवे सोडून उत्तरेला वळलो आणि वारा सुरू झाला. हा पट्टा मुळातच वाऱ्याचा, ब्राह्मणवेलच्या पठारावर उगाच नाही एवढ्या पवनचक्क्या उभ्या केल्या. अप्पांनी इथे एक गंमत दाखवली. पवनचक्कीचं तोंड कायम वाऱ्याकडे असतं, म्हणून पुढच्या चक्कीची पाठ दिसत असेल तर समजायचं वारा तोंडावरच राहणार. निजामपूरपर्यंत सगळ्या चक्क्या पाठ करून उभ्या! मग मी पुढे, अप्पा माझ्या मागच्या चाकाला चिकटून अर्ध्या सायकलच्या अंतरावर. मागच्याची मेहनत वीस-तीस टक्क्यांनी वाचते म्हणतात, पण पुढच्याने अजिबात झटके द्यायचे नाहीत, वेग एकसारखा ठेवायचा, खड्डा आला की हाताने दाखवायचा. मी वेगाचा आकडा बघणं सोडलं आणि मागून येणारा श्वास ऐकत चालवलं. तो जरा वर गेला की मी एक गिअर हलका करायचे. एकदा मागे वळून विचारलं पाय दुखताहेत का, तर म्हणाले, "पुढे बघ, गाडी कोण चालवी राहिनं?"

ह्या पट्ट्यात आम्ही फारसं बोललो नाही पण मला सगळ्यात जास्त तोच आवडला. लहानपणी अप्पा ड्युटीवर असायचे, दिवाळी-होळीला तर हमखास, कारण गर्दी तेव्हाच असते. ज्या रस्त्यावर ते तेव्हा होते तोच हा रस्ता, आणि आता मी त्यांच्यासाठी वारा अडवत होते. लिहिताना पण भरून येतंय.

ठाणेपाड्याकडचा उतार आला तेव्हा सांभाळून घेतलं. सलग ब्रेक दाबून धरायचा नाही, थोडा दाबा, सोडा, परत दाबा, नाहीतर रिम तापते, हे सुद्धा अप्पांनीच सगळ्या ग्रुपला थांबवून सांगितलं आणि पोरांनी निमूट ऐकलं.

नंदुरबार जवळ आल्याचं नाकाला आधी कळतं. मिरचीचा सीझन ऐन भरात, रस्त्याकडेच्या पथाऱ्यांवर नजर पोहोचेल तिथपर्यंत लाल मिरची पसरलेली, बाया तोंडाला पदर बांधून देठ खुडत बसलेल्या. आम्ही सगळे शिंकत शिंकत पुढे. एका मावशींनी हात करून थांबवलं, कुठून आलात, कशासाठी आलात विचारलं, सिकलसेल म्हटल्यावर म्हणाल्या आमच्या भावाच्या पोराला आहे, आणि कमरेचा बटवा सोडून वीसची नोट अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी दोन्ही हातांनी घेतली.

शेवट गावात, हुतात्मा शिरीषकुमारच्या स्मारकाजवळ. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार आणि त्याच्या सोबतची शाळकरी पोरं इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीबारात गेली, तिथे पोहोचल्यावर ग्रुपमधले सगळे आपोआप सायकलवरून उतरले. संध्याकाळी शेवभाजी-भाकरी, आणि परत येताना सायकली टेम्पोत, आम्ही एसटीत. अप्पा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून धुळ्यापर्यंत त्याच्याशी गप्पा मारत होते, जराही झोपले नाहीत.

कबूल केलेले पैसे येताहेत, बरेचसे आलेत, मावशींची वीसची नोट पण त्यातच जमा केली. स्वेटर घ्यायला पुढच्या आठवड्यात अप्पाच जाणार आहेत, मापं त्यांनी कॅम्पवाल्यांकडून लिहून आणलीत.

शरीराचं म्हणाल तर दोन दिवस अप्पांच्या मांड्या भरून आल्या होत्या, तळहाताला थोड्या मुंग्या येत होत्या, बाकी काही नाही. ग्रिप बदलून जरा रुंद आणि मऊ घेणारे आणि सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना ते बघणारे. आणि आता त्यांनी तोरणमाळ काढलंय! तो घाट ह्या सेटअपवर त्यांना जड जाईल असं मला वाटतं, म्हणून मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) टाकायचा विचार आहे. तीन चकत्यांच्या हायब्रिडला ११-३६ कुणी बसवली असेल तर सांगा, जुनं डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चालतं का लांब दांडीचं, लाँग केजच घ्यावं लागतं, आणि चेन किती वाढवली. धुळ्यात किंवा जळगावात हे काम नीट करणारा मेकॅनिक माहीत असेल तर तेही कळवा, अप्पा रोज विचारतात.