बाटली क्रमांक ५३-एन

मागच्या उन्हाळ्यात घातलेल्या कैरीच्या लोणच्याच्या एका बरणीला पावसाळ्यात बुरशी आली. त्या वर्षी माझ्या आग्रहाने मीठ थोडे कमी घातले होते, त्यामुळे आईने दोष सरळ माझ्या माथी मारला. परंतु त्याच दिवशी, त्याच मिठात भरलेल्या उरलेल्या दोन बरण्या, ज्यांचे दादरे अजून सोडलेही नव्हते, त्या शाबूत निघाल्या. मग रोजच्या बरणीत ओला चमचा कोणी घातला, याची चौकशी सुरू झाली.

या प्रसंगामुळे मला मुल्कोवालची आठवण झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून आली होती आणि ती तयार करण्याची पद्धत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांची होती. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ५३-एन या बाटलीतून ज्या १९ जणांना लस दिली, त्यांना सुमारे आठवड्याने धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशी आयोगाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लसीत जंतुनाशक कार्बोलिक आम्ल मिसळण्याची जुनी रीत सोडून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत स्वीकारली होती. पद्धत बदलली आणि माणसे मेली, तेव्हा बदल हेच कारण, असा हा युक्तिवाद होता. माझे कमी मीठ आणि हा बदल यांत फारसा फरक नाही.

दोष नेमक्या एकाच बाटलीत होता, हा पुरावा वरवर फार भक्कम वाटतो. गावातील अस्वच्छता, लोकांची प्रकृती, टोचून घेतल्यावर जखमेची झालेली हेळसांड ही सगळी कारणे त्याने बाद होतात, कारण ती पाचही बाटल्यांना सारखीच लागू पडली असती. मात्र बाटली मुंबईत भरताना दूषित झाली की मुल्कोवालला उघडताना, या खऱ्या प्रश्नावर तो काहीच सांगत नाही. दोन्ही शक्यतांमध्ये एकच बाटली बिघडलेली दिसेल. अशा वेळी पुरावा किती मोठा आहे हे पाहून भागत नाही, एक शक्यता खरी असेल तर दिसेल आणि दुसरी खरी असेल तर दिसणार नाही, असे काही हाती आहे का, हे शोधावे लागते.

तसे काही हाती होते. ५३-एनचे बूच ज्या चिमट्याने काढले, तो त्याआधी जमिनीवर पडला होता आणि ज्योतीवर न धरताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय हे जंतू बंद बाटलीत कित्येक आठवडे वाढले असते, तर त्या द्रवाला दुर्गंधी आली असती आणि साठलेल्या विषामुळे लक्षणे दोन-तीन दिवसांतच दिसू लागली असती. दुर्गंधीची नोंद नव्हती आणि लक्षणांना लागलेला आठवडा हा नुकत्याच शिरलेल्या जंतूंशी अधिक जुळणारा होता.

चिमट्याची हकीकत चौकशीच्या कागदपत्रांतच होती, ही गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी आणि इतर तज्ज्ञांनी १९०७ मध्ये हे मुद्दे जाहीरपणे मांडले. चिमटाच दोषी होता, हे यातून निर्विवाद सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेवरील आरोप टिकत नाही आणि दुसरे स्पष्टीकरण अधिक संभाव्य आहे, इतकेच म्हणता येते. परंतु आरोप आयोगाने केला होता, त्यामुळे तो सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळचे पद त्यांना पुन्हा मिळाले नाही. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले.