जातं, माइक आणि पहाटेचे साडेचार

पत्रकारितेच्या एम.ए.ला ध्वनिनिर्मितीचा पेपर घेतला तेव्हा वाटलं होतं, सगळं काम कॉम्प्युटरवरच असेल. पहिला आठवडा केबल गुंडाळण्यात गेला. कोपर आणि अंगठ्यात दोरीसारखी केबल गुंडाळली की आतल्या तारांना पीळ बसतो, आणि काही महिन्यांत ती नुसती हलवली तरी खरखरते. एक वेढा सुलटा, पुढचा उलटा असा घ्यायचा. मग फेकली तरी गाठ न पडता उलगडते. माइकच्या एक्सएलआर केबलला तीन पिना असतात. पहिली अर्थिंगची. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर एकच आवाज, पण एकमेकांच्या उलटा. वाटेत विजेच्या वायरींची घूं दोन्ही तारांत सारखीच शिरते. पुढे मिक्सर (माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) एका तारेतून दुसरी वजा करतो, तेव्हा घूं कटते आणि आवाज उरतो. म्हणून ही केबल लांब टाकली तरी चालते. गिटारची साधी केबल तेवढी लांब टाकली की घूं करायला लागते.

वर्षाच्या शेवटी बारा मिनिटांचा रेडिओ माहितीपट करायचा होता. आमच्या गटानं जात्यावरच्या ओव्या घेतल्या, गाव पैठण तालुक्यातलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांच्या पुढाकारानं महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या गेल्या आहेत, त्यात परभणी-बीडकडच्या बायकांचे आवाजही आहेत. त्यातलं थोडं आधी कान देऊन ऐकलं, त्याचा उपयोग झाला: ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, तबल्यासारख्या मोजलेल्या तालावर नाही. पुढचं सगळं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग या एका गोष्टीवर ठरलं.

जागा आधी बघून यावी, आणि रेकॉर्डिंगच्याच वेळेला बघावी. पत्र्याच्या घरात दुपारी रेकॉर्डिंग करू नये. ऊन चढलं की पत्रा तापून फुगतो आणि तडतडतो, ऊन उतरताना पुन्हा तडतडतो. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. सगळ्यात चांगलं माळवदाचं घर: मातीच्या जाड भिंती, वर माती, कोपऱ्यात धान्याची पोती, दांडीवर गोधड्या. कॉलेजच्या स्टुडिओत भिंतीवर लावतात तो पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतो. खालचे तसेच फिरत राहतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. गोधड्यांची घडी आणि पोती त्याहून बरी.

पहाटे साडेचारला सुरू केलं तर कोंबडे आणि टमटम यांच्या आधी तासभर मिळतो. त्यातही शेतीची लाइट त्याच वेळी आली तर बोअरची मोटर सुरू होते. गावातल्या कुणाला तरी आठवड्याचं वेळापत्रक विचारून ठेवावं. पंखा बंद. फ्रिज असेल तर तोही बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. (दूध नासलं तर त्या घरात दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.) लॅपटॉप चार्जरवर नको, बॅटरीवर. चार्जर लावला की पन्नास हर्ट्‌झची घूं, शिवाय तिच्यावरचे शंभर आणि दीडशेचे सूर ट्रॅकमध्ये बसतात. ते नंतर काढता येतात, पण पुरुषी आवाजाचा तळही त्यांच्यासोबत जातो.

आम्ही दोन माइक नेले होते. गळ्यासाठी कार्डिऑइड (समोरचं जास्त, पाठीमागचं कमी ऐकणारा) डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा माइक, तोंडापासून एक वीत, समोर नाही तर जरा तिरका. समोर धरला की ‘फ’ आणि ‘भ’ची हवा थेट आत शिरते आणि ट्रॅकवर धप्प असा फुगवटा दिसतो. मराठीत ही महाप्राण अक्षरं पावलोपावली येतात. ‘भाऊ’ शब्द नसलेली ओवी शोधून दाखवा. वीतभरापेक्षा जवळ आणला तर खालचे सूर फुगतात, आवाज जाड होतो. निवेदनाला ते थोडं गोड लागतं, ओवीला नाही. कंडेन्सर माइक जास्त बारीक टिपतो, पण शेजारच्या घरातलं भांडंही टिपतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागते. केबल काढण्याआधी ती बंद करून थोडं थांबायचं, नाहीतर हेडफोनमध्ये कानठळी बसते.

दुसरा माइक जात्यासाठी. इथे आमचा पहिला दिवस वाया गेला. स्टँड जमिनीवर होता, जातंही जमिनीवर. दगडाची थरथर जमिनीतून स्टँडमध्ये, स्टँडमधून माइकमध्ये आली. लेव्हलचा काटा नाचत होता आणि हेडफोनमध्ये नुसती गडगड. दुसऱ्या दिवशी स्टँडच्या तिन्ही पायांखाली घोंगडीच्या चार-चार घड्या घातल्या, तेव्हा गडगड जाऊन घरघर उरली. जातं रिकामं फिरवू नये. दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो आणि दगडही झिजतो. मूठभर ज्वारीचा घास पडला की आवाज भरतो, मऊ होतो, आणि पीठ पडल्याची बारीक सळसळ वेगळी ऐकू येते. दोन्ही माइकमधलं अंतर, प्रत्येक माइक आपल्या आवाजापासून जितका दूर तितक्याच्या किमान तिप्पट असावं. कमी ठेवलं तर दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवताना आवाज पोकळ होतो, कारण एकच सूर दोन वेगळ्या वेळी पोचून स्वतःलाच खातो.

बांगड्यांचा प्रश्न येणारच. सवाष्ण बाईला बांगड्या उतरवायला सांगू नये, आणि सांगायची गरजही नाही. खुंटा धरलेला हात ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूला माइक ठेवायचा आणि त्याची पाठ हाताकडे करायची. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं. किणकिण राहते, पण मागे जाते, आणि तेवढी हवीच.

लेव्हल ठरवताना ‘हॅलो, हॅलो’ म्हणायला लावलं तर फसवणूक होते. पहिल्या दोन ओव्या दबक्या येतात, तिसरीला गळा मोकळा होतो आणि काटा एकदम वर जातो. म्हणून, ‘मावशी, रोज दळता तसंच दळा, आम्ही इथं नाही असं समजा,’ एवढं सांगून पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. त्यातला सगळ्यात मोठा सूर उणे बारा डेसिबलच्या आसपास येईल असा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण, ठेवायचा. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नसतं. तिथे आवाज फुटला की लाटेचं डोकंच छाटलं जातं, आणि ते परत आणणारं बटण नाही. २४ बिटमध्ये (आवाजाच्या लहानमोठेपणाच्या जास्त बारीक पायऱ्यांत) जरा हळू रेकॉर्ड झालेलं नंतर सुखानं वाढवता येतं.

४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल: हे आमचं सेटिंग, सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने. एका माइकला मिनिटाला ८.६ एमबी, तासाला साधारण ५२० एमबी. आमच्यातल्या एकाचा रेकॉर्डर ४४.१ वर राहिला होता, आणि ती फाइल सॉफ्टवेअरनं ४८ची समजून वाजवली. आवाज नऊ टक्के जास्त वेगानं, जवळपास दीड अर्धस्वर वर. आजी एकदम पंचविशीची झाली. सेटिंग सुधारलं की ठीक होतं, पण आधी कानाला शंका यायला हवी.

निघण्याआधी शांतता रेकॉर्ड करायची, एक मिनिट, कुणी न हलता. आमच्या कामाला दोन शांतता लागल्या: एक रिकाम्या घराची, दुसरी गाणं बंद पण जातं चालू अशी. ही दुसरी नसती तर एडिट झालंच नसतं. दोन ओव्यांमधलं खोकणं किंवा ‘पाणी आण गं’ कापलं की जात्याचा फेरा तुटतो, पाय अडखळल्यासारखं होतं. त्यामुळे काप फेऱ्याच्या त्याच ठिकाणी द्यायचा: खुंटा पुढे जाताना कापलं तर जोडायचंही पुढे जातानाच, आणि सांध्यावर दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज उतरताना दुसरा चढवायचा. मधली पोकळी दुसऱ्या शांततेनं भरायची.

नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरनं मागचा गोंगाट काढणं, सगळ्यात जास्त नासधूस करतं. एकदम वीस डेसिबल काढायला गेलं की बाई पाण्याखालून गातेय असं वाटतं. सहा डेसिबल पुरे. ८० हर्ट्‌झखालचं कापणारा फिल्टर निवेदनाला लावला, जात्याच्या ट्रॅकला मुद्दाम लावला नाही. कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) निवेदनाला तीनास एक, काटा तीन-चार डेसिबल दबेल इतकाच. ओवीला जवळजवळ नाही, कारण तिसऱ्या ओवीला गळा मोकळा होतो तेच तर ऐकवायचं असतं. श्वास पुसायचे नाहीत, फार मोठे असतील तर थोडे खाली घ्यायचे. शेवटी सगळं मिळून उणे सोळा एलयूएफएस (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप), सगळ्यात मोठा क्षण उणे एक डेसिबलच्या खाली.

मिक्स स्टुडिओच्या स्पीकरवर छान वाटला. मग फोनवर लावला तर जातं गायब. फोनचा स्पीकर खालचे सूर वाजवतच नाही, आणि ज्यांच्या ओव्या होत्या त्या सगळ्या फोनवरच ऐकणार होत्या. जात्याच्या ट्रॅकमध्ये एक ते तीन किलोहर्ट्‌झच्या मध्ये, जिथे दगडाची खरखर आणि पिठाची सळसळ असते, तिथे तीन डेसिबल वाढवले. मग फोनवरही दळण ऐकू यायला लागलं.