गाणं आधी, कॅमेरा नंतर

कॉलेजमधल्या प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट सांगायची आणि तिच्यात गाणी नकोत, हे मला कधीच पटलं नाही. विशीतल्या पोराला जे समोर उभं राहून बोलता येत नाही, ते तो गाऊन मोकळा होतो, आणि प्रेक्षक ते बिनतक्रार मानतो. म्हणून ठाण्यातल्या आमच्या एकांकिकावाल्या ग्रुपने लघुपट करायचं ठरवलं, तेव्हा मी पटकथेआधी गाण्याला हात घातला.

गोष्ट एवढीच: सबमिशनचा आठवडा, झेरॉक्सच्या दुकानात गर्दी, आणि त्याच्या गठ्ठ्यात चुकून गेलेलं तिचं जर्नल. ते परत देताना त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिथे मुखडा सुरू होतो.

चाल आधी झाली, शब्द नंतर बसवले. लय मात्र मी १२० चीच मागितली. मिनिटाला १२० ठोके म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं धरली तर प्रत्येक ठोका बरोबर १२ फ्रेमनी येतो आणि एडिटिंगला कट अचूक तालावर पडतो. संगीत करणाऱ्या मैत्रिणीला ११६ हवी होती, गाणं जरा श्वास घेतं म्हणून. तिचंही खरंच होतं. शेवटी लय १२० राहिली आणि अंतऱ्यात तिने वाद्यं काढून घेऊन तो मोकळेपणा आणला.

खरी मेहनत पुढे, ओठांची: शूटिंगला आधी रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लागतं आणि नट त्यावर ओठ जुळवतो. आपल्याकडे हिंदीत पार्श्वगायन आलं ते १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून, त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचे आणि वादक फ्रेमबाहेर बसायचे. मला वाटतं, आजही नटाने तसंच गायला हवं. आमच्या नायकाला मी सांगितलं, स्पीकरच्या वर आवाज चढव. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ताणत नाहीत, छाती भरत नाही, आणि ते पडद्यावर लगेच कळतं. गायकाने जिथे जिथे श्वास घेतला, तिथे आम्ही गाण्याच्या कागदावर पेन्सिलने खुणा केल्या. आणि प, फ, ब, भ, म! या अक्षरांना ओठ मिटतात, म्हणून एक-दोन फ्रेमची चूकसुद्धा आधी तिथेच दिसते. तरी मुखड्यातले सगळे ‘म’ मी राहू दिले. क्लोजअपमध्ये ते जुळले की आवाज त्याचाच वाटतो.

कॉलेजच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये स्पीकर कुठे ठेवायचा, यालाही हिशेब आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १४ मीटरवरून येणारं गाणं नटाच्या कानावर एक फ्रेम उशिरा पडतं. आम्ही स्पीकर त्याच्या पायाशीच ठेवला, फ्रेमच्या जरा बाहेर.

परवानग्यांची पत्रं, शिक्के, झेरॉक्स हे सगळं रीतसर झालं. जीव अडकला होता तो तलावपाळीच्या, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावरच्या शॉटमध्ये. तिथे ती पाठमोरी वळते आणि सगळं संथ होतं. त्याचे ओठ मात्र गाण्यावरच राहायला हवेत. त्यासाठी कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेमवर आणि गाणं दुप्पट वेगाने; मग २४ ने दाखवलं की हालचाल निम्म्या वेगाची होते आणि ओठ मूळ गाण्यावर येतात. सकाळी सकाळी मासुंदा तलावाच्या कठड्याला टेकून आमचा नायक भरभर, चिरक्या सुरावर गात होता आणि फिरायला आलेले आजी-आजोबा थांबून बघत होते. एका आजींनी विचारलं, “पुन्हा म्हणणार का?” त्याने पुन्हा म्हटलं, तेवढ्याच जोरात. मॉनिटरवर ते २४ च्या वेगाने पाहिलं तेव्हा तिची ओढणी सावकाश तरंगत होती, मागे कारंजं जवळजवळ थबकलं होतं, आणि त्याचा प्रत्येक ‘म’ जागच्या जागी मिटत होता. आम्ही सगळेच ओरडलो.

दुसरं गाणं तिचं आहे. तिला त्याच्यासारखं अडखळायचं नाही, म्हणून ते दादऱ्यात, सहा मात्रांच्या झुलत्या तालात बांधतोय. चाल पक्की झाली आहे; शब्द लिहायला या रविवारी बसतोय.