मिनिकॉयची परवानगी: नेमकं कुठे अडतं

लक्षद्वीपला जायचं तर आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो परवाना तिकडे, बेटांच्या प्रशासनाकडे अडत असेल असंही लोक धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. तिकडचा अर्ज ऑनलाइन आहे, शुल्क किरकोळ आहे आणि कागद पुरे असले की तो पुढे सरकतो. आमचं सगळं गाडं अडलं ते आपल्याच शहरात, चारित्र्य पडताळणीच्या प्रमाणपत्रापाशी. त्या दिरंगाईचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. पुढच्या माणसाचा वेळ तरी वाचावा.

आधी बेटाविषयी, कारण परवाना का लागतो ते त्यावरूनच कळतं.

मिनिकॉय हे लक्षद्वीपचं सगळ्यात दक्षिणेचं बेट. स्थानिक लोक त्याला मलिकू म्हणतात. कोचीपासून समुद्रमार्गे 398 किलोमीटर. कल्पेनी, कवरत्ती वगैरे बाकीची बेटं उत्तरेला राहतात आणि मध्ये सुमारे 200 किलोमीटरचा नाइन डिग्री चॅनल पसरलेला आहे. दक्षिणेला एट डिग्री चॅनल ओलांडला की मालदीव, तेही सुमारे 130 किलोमीटरवर. म्हणजे हे बेट आपल्या भावंडांपेक्षा मालदीवला जवळ आहे. भाषा महल, म्हणजे मालदीवच्या धिवेहीची बोली. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहायची. बाकीच्या लक्षद्वीपमध्ये मल्याळम बोलतात. बेट जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं, चंद्रकोरीसारखं वळलेलं, दहा-एक किलोमीटर लांब आणि अगदी अरुंद. कोरीच्या पश्चिमेला भलंमोठं उथळ लगून, म्हणजे प्रवाळकड्याने अडवलेलं समुद्राचं पाणी, आहे आणि पूर्वेला थेट खोल समुद्र. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या दहा हजारांच्या थोडी वर होती.

सगळ्या लक्षद्वीपचं क्षेत्रफळ 32 चौरस किलोमीटर आणि स्थानिक रहिवासी जवळपास सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. जमीन, पाणी आणि मासळी मोजकी. म्हणून 1967च्या प्रवेश व निवास निर्बंध नियमांनुसार बाहेरच्या माणसाला, मग तो भारतीय नागरिक का असेना, परवाना लागतो. हा नियम मला पटतो. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. उपसा जास्त झाला की विहिरी मचूळ होतात. 2011मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने इथे दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. वरचं कोमट समुद्रपाणी कमी दाबाखाली उकळवायचं आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची, अशी ती पद्धत. इतकं करून पाणी मिळतं तिथे माणसं मोजूनच सोडायला हवीत.

आता प्रमाणपत्र.

परवान्याच्या अर्जाला प्रत्येक प्रौढ प्रवाशाचं चारित्र्य पडताळणीचं स्वतंत्र पोलीस प्रमाणपत्र जोडावं लागतं. महाराष्ट्रात त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि पहिली ठेच तिथेच लागते. ‘कशासाठी’ या रकान्यात नोकरी, परदेशगमन, परवाना असे नेहमीचे पर्याय असतात. ‘लक्षद्वीप प्रवेश’ असं काही सापडत नाही. आम्ही ज्या कार्यालयात गेलो तिथल्या कर्मचाऱ्याने सरळ सांगितलं, ‘कंपनीचं पत्र आणा.’ पर्यटनाला जाणाऱ्याला कंपनी कसलं पत्र देणार? ‘भारतातच तर जाताय, मग प्रमाणपत्र कशाला?’ हा पुढचा प्रश्न. दर खेपेला खिडकीवर नवा माणूस आणि तोच प्रश्न. अर्ज फेटाळतही नव्हते, पुढेही पाठवत नव्हते.

यावर तोंडी समजावून काही होत नाही. कागद लागतो. साध्या कागदावर अर्ज लिहा: 1967च्या नियमांचं नाव, जायचं बेट, अंदाजे तारखा आणि ‘प्रवेश परवान्यासाठी पोलीस प्रमाणपत्र अनिवार्य असल्याने’ हे वाक्य. त्याला परवान्याच्या अर्जातलं ते पान छापून जोडा, ज्यात लागणाऱ्या कागदांमध्ये या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे. बेटावरच्या यजमानाचं किंवा होमस्टेचं पत्रही लावा. हे तीन कागद एकत्र टाचले की खिडकीवरच्या माणसालाही फाइलमध्ये ठेवायला आधार मिळतो. आमचा अर्ज हलला तो या टाचणानंतरच. पोचपावती शिक्क्यासह घ्या. नुसती ‘ठेवून जा’ अशी सोय स्वीकारू नका.

दुसरी अडचण पत्त्याची. भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, घरमालकाची चिठ्ठी चालत नाही. अलीकडे घर बदललं असेल तर जुन्या पत्त्याच्या ठाण्यातही चौकशी जाते आणि तिथून उत्तर येईपर्यंत इकडचं काम थांबतं. त्यामुळे अर्जात दोन्ही पत्ते, कधीपासून कधीपर्यंत राहिलो त्यासह, आपणहून लिहा. चौकशीला घरी कुणी येणार असेल तर दोन शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

तिसरी जागा सगळ्यात वाईट. ठाण्यातली चौकशी संपली की कागद वरच्या कार्यालयात जातात, तिथे नोंदी तपासून सही होते. या दोन टेबलांच्या मधे आमचा अर्ज बेपत्ता झाला. ठाणं म्हणे पाठवला, वरचं कार्यालय म्हणे आलाच नाही, आणि दोघंही खरं बोलत असल्यासारखे शांत. हा गुंता सोडवणारी गोष्ट एकच: जावक क्रमांक. ठाण्याच्या जावक रजिस्टरमधला क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आणि वर जाऊन त्या तारखेपासूनचं आवक रजिस्टर बघायला सांगा. क्रमांक हातात नसला की वर कुणी कपाट उघडत नाही. क्रमांक सांगितला तेव्हा आमचा गठ्ठा त्याच खोलीत, दुसऱ्या विभागाच्या ट्रेमध्ये सापडला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015खाली अधिसूचित सेवांची मुदत आणि अपिलाचा अधिकारी कार्यालयातल्या फलकावर लिहिलेला असायला हवा. तो फलक शोधा, मुदत वाचा आणि लेखी अर्जात तिचा उल्लेख करा. आवाज चढवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

आणि प्रमाणपत्र हातात पडलं की तिथून हलायच्या आधी ते शब्दन्‌शब्द वाचा. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय आहे, आधारवर मात्र स्वतःचं नाव आधी असतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये गळालं, लग्नानंतरचं आडनाव एका कागदावर आणि आधीचं दुसऱ्यावर, ‘नोकरीसाठी’ असा उद्देश चुकून छापला गेला, यातलं काहीही झालं तरी तिकडे शंका निघते आणि फेरा पहिल्यापासून सुरू होतो. मजकूर इंग्रजीत मागून घ्या. मराठी प्रमाणपत्र कितीही खरं असलं तरी बेटांवरच्या कार्यालयात ते वाचणार कोण? फोटोवर अर्धा शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख हेही तपासा. आमच्याकडे सहा महिन्यांच्या आतलं प्रमाणपत्र मागितलं होतं, म्हणून फार आधी काढूनही उपयोग नाही.

हे एकदा झालं की पुढचं भराभर होतं. स्थानिक रहिवासी किंवा होमस्टेचालक यजमान म्हणून लागतो, ओळखपत्र आणि फोटो चढवायचे, शुल्क भरायचं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: परवान्यावर ज्या बेटाचं नाव असेल तिथेच उतरता येतं. वाटेत अगत्ती किंवा कवरत्तीला जहाज बदलणार असाल तर अर्जात तीही नावं टाका. तारखाही ऐसपैस मागा. तिकीट काढायला परवाना लागतो, परवान्याला तारखा लागतात, आणि जहाजांचं वेळापत्रक फार आधी जाहीर होत नाही. हे चक्र तोडायचा मार्ग म्हणजे मुक्काम आठवड्याचा असला तरी त्याच्या पुढेमागे मोकळे दिवस धरून परवाना काढणं.

जहाजांची तिकिटं ऑनलाइन सुटतात आणि लगेच संपतात. हे बेटवासीयांचं रोजचं वाहन आहे: दवाखाना, कॉलेज, लग्न, सगळं याच जहाजांवर अवलंबून. त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत आपल्याला जागा मिळाली नाही तर कुरकुर करण्यात अर्थ नाही. एम. व्ही. कवरत्तीवर 700 प्रवासी मावतात, कोरल्स आणि लगून्सवर प्रत्येकी 400, अरेबियन सी आणि लक्षद्वीप सीवर प्रत्येकी 250. बंक वर्ग स्वस्त, पण एसी इतका जोरात असतो की चादर सोबत हवीच. जहाज लागत असेल तर गोळी चढायच्या आधी घ्या आणि बर्थ जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर बघा. तिथे हेलकावे कमी जाणवतात. थेट फेरी असेल तर कोचीहून एक रात्र आणि वर काही तास. कल्पेनी-कवरत्ती करत जाणारी असेल तर बराच जास्त वेळ. तिकीट काढताना वाटेतली बेटं बघून घ्या.

विमानाने जवळ पडेल असं वाटतं, पण मिनिकॉयला विमानतळ नाही. धावपट्टी आहे ती अगत्तीला, जेमतेम 1,200 मीटरची. तिथे एटीआरसारखी छोटी विमानं उतरतात. 2024पासून गोव्यातून, मोपाहूनही अगत्तीचं विमान सुरू झालं. अगत्ती किंवा बंगारम बघायचं असेल तर आपल्याकडच्या लोकांना ते उत्तम. पण अगत्ती ते मिनिकॉय जवळपास 300 किलोमीटर आहे, आणि पुन्हा जहाजच. मिनिकॉय हेच ठिकाण असेल तर कोचीहून सरळ जा. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस मनमाड, नाशिक रोड, कल्याण, पनवेल, रत्नागिरी, मडगाव करत एर्नाकुळमला सोडते. तिथून विलिंग्डन बेटावरचं बंदर जवळ आहे. गाडी आणि जहाज यांच्यात पूर्ण एक दिवस ठेवा. कोकण रेल्वेवर काहीही होऊ शकतं, आणि जहाज आपल्यासाठी थांबत नाही. बंदरावर सामान स्कॅन होतं, त्यासाठी सुटण्याच्या कित्येक तास आधी बोलावतात. परवाना आणि ओळखपत्राच्या मूळ प्रती हातात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. दारू नेऊ नका, मिनिकॉयवर बंदी आहे.

मोठं जहाज प्रवाळकड्याच्या बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. बाजूचं दार उघडतं, खाली होडी वरखाली होत असते, आणि दोन खलाशी दंडाला धरून लाट वर आली की ‘आता’ म्हणतात, तेव्हाच पाय टाकायचा. आपल्या मनाने पुढे-मागे करू नका. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवर, चाकांची बॅग नको. मे मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत हे उतरणं धोक्याचं ठरतं, फेऱ्याही कमी होतात. ऑक्टोबर ते एप्रिल हाच खरा मोसम. उतरल्यावर पोलीस ठाण्यात जाऊन परवान्याची नोंद करा. इथलं ठाणं आमच्यासाठी काही मिनिटांचं काम होतं, आणि शहरातल्या त्या खिडकीनंतर फार बरं वाटलं.

सायकल घ्या आणि दक्षिण टोकाच्या दीपस्तंभापर्यंत जा. 1869मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर जहाजांची वर्दळ या बाजूने वाढली, मिनिकॉयच्या कड्यावर जहाजं फुटू लागली, आणि 1885मध्ये ब्रिटिशांनी हा दीडशे फुटांहून उंच मनोरा बांधला. बेट त्याआधी कन्नूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात होतं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्णपणे ब्रिटिशांकडे गेलं. दीपस्तंभ मात्र भारताच्या हाती आला 1956मध्ये, आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला लक्षद्वीप केंद्रशासित प्रदेश झाला. मालदीवबरोबरची सागरी सीमा 1976च्या करारात ठरली. वरून बघितलं की लगूनचा फिकट हिरवा आणि पूर्वेचा गर्द निळा यांच्यामधली जमिनीची पट्टी किती बारीक आहे ते समजतं. दक्षिणेला विरिंगिली हे छोटंसं बेट आहे, तिथे पूर्वी कुष्ठरोग्यांना ठेवत.

बेटावर दहा गावं आहेत आणि प्रत्येकाचा आपला मुखिया, आपलं सभागृह, आपली शर्यतीची होडी. घर आईच्या बाजूने चालतं. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकरीला, त्यामुळे हिंदी बोलणारी माणसं सहज भेटतात. फोटो काढायच्या आधी विचारा, विशेषतः बायकांचे. पहाटे धक्क्यावर गेलात तर कुप्पा मासा (ट्यूना) पकडायला निघालेल्या होड्या दिसतील. लगूनमध्ये जिवंत चारामासळी धरून होडीतल्या टाकीत ठेवतात, थवा दिसला की ती फेकतात, पाण्याचे फवारे मारतात आणि बिनकाट्याच्या गळांनी एकेक मासा उडवत आत घेतात. जाळं नाही. काटा नसल्याने मासा होडीत पडताच आपोआप सुटतो आणि गळ लगेच परत पाण्यात जातो. हीच मासळी उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवली की लाकडासारखी कडक होते. तिला मास म्हणतात, ती वर्षभर टिकते. घेऊन यायची असेल तर ओल लागू देऊ नका. प्रवाळाचे तुकडे मात्र उचलू नका, कायद्याने गुन्हा आहे आणि बंदरावर बॅगा तपासतात.

परतीचं तिकीट जातानाच काढा. बेटावर पोहोचून बघू म्हणाल तर जागा मिळेलच असं नाही, आणि परवान्याची मुदत संपत आली की पळापळ होते. रोख पैसे पुरेसे ठेवा आणि सगळ्या कागदांच्या छापील प्रती दोन संच करून घ्या, कारण नेटवर्क जाऊन फोनमधला परवाना ऐन वेळी उघडत नाही.