खोबऱ्याच्या वासाचा सडा

एप्रिलमध्ये आम्ही इथे राहायला आलो. तिसऱ्या दिवशी गावाबाहेर फिरायला गेले आणि भर माळावर खोबऱ्याचा वास आला. खवणीवर नुकताच नारळ खवावा तसा, ओला आणि गोडसर. दक्षिण इंग्लंडात, समुद्रसपाटीवरच्या ओलसर थंडीत, जिथे मैलोगणती माड नाही तिथे. मला वाटलं घरची आठवण नाकात शिरली. मग कळलं की हा वास समोरच्या काटेरी झुडपाच्या पिवळ्या फुलांचा आहे. त्याचं नाव गोर्स. ऊन पडलं की ही फुलं अगदी खोबऱ्यासारखी घमघमतात. लांजा तालुक्यातल्या बाईचं मन वितळवायला एवढं पुरे होतं.

गावाचं नाव ब्रॉकनहर्स्ट. हँपशर परगण्यात 'न्यू फॉरेस्ट' म्हणून जो प्रदेश आहे, त्याच्या मधोमध. नाव 'नवं जंगल', आणि वय साडेनऊशे वर्षं. विल्यम राजाने 1079 च्या सुमारास आपल्या शिकारीसाठी हे राखून ठेवलं, तेव्हा ते नवं होतं. शिवाय जंगल म्हणावं तर अर्ध्याअधिक ठिकाणी झाडच नाही. ओक आणि बीचची जुनी राई संपली की एकदम उघडा माळ सुरू होतो. रेताड, निकस जमीन, गुडघ्याएवढी हेदरची झुडपं, मधूनमधून पाणथळ. इंग्रजीत याला 'हीथ' म्हणतात. शब्दकोशात मराठी अर्थ काहीही दिलेला असो, मी पाहताक्षणी त्याला सडा म्हटलं. आमच्या घरामागचा गडगा ओलांडून चढलं की जसा कातळाचा सडा लागतो, तसाच हा. वारा तसाच, आडोसा नसणं तसंच. ऑगस्टमध्ये आमच्या सड्यावर सीतेच्या आसवांनी जांभळी झाक येते, त्याच महिन्यात हेदर फुलून इथला माळ जांभळा होतो. दोन्हीकडे माणसं तेवढ्यापुरती फोटो काढायला येतात आणि उरलेलं वर्ष त्या जमिनीला ओसाड म्हणतात.

सातबाऱ्यावर आमचा सडा 'पोटखराबा' आहे. इथल्या जुन्या कागदांतही अशा जमिनीला 'वेस्ट' म्हणत. त्यामुळे पहिले काही आठवडे मीही इथल्या तट्टांना मोकाट समजत होते.

तट्टं म्हणजे इथले पोनी. हजारोंनी आहेत आणि सगळीकडे आहेत. स्टेशनकडे जाताना रस्त्यात, दुकानाच्या दारात, पाऊस आला की बसथांब्याच्या छपराखाली. गावातल्या मुख्य रस्त्याच्या खालच्या टोकाला ओहोळ आहे, त्यावर पूल नाही, गाड्या पाण्यातूनच जातात. तिथे एखादी घोडी शिंगरासकट मधोमध उभी राहिली की वाहतूक थांबते. हॉर्न कोणी वाजवत नाही. काही तट्टांना हिवाळ्यात चक्क मिशा फुटतात. गोर्सचे काटे खाताना ओठांना लागू नयेत म्हणून, असं इथे सांगतात. मला तरी त्यांच्याकडे बघून आमच्या पोस्टातले जुने मास्तर आठवतात.

आमच्या दारात पहिला धडा त्यांनीच दिला. मी परसात मेथी आणि कोथिंबीर पेरली होती. साउदॅम्प्टनला माझी नोकरी आहे, तिथल्या भारतीय दुकानात कोथिंबीर मिळते, पण तिथून ट्रेनने आणेपर्यंत ती मान टाकते. म्हणून हा खटाटोप. एका संध्याकाळी फाटकाची कडी नीट लागली नाही. सकाळी परसात दोन घोड्या होत्या आणि कोथिंबीर नव्हती. मेथी मात्र अर्धी ठेवली होती, कडू लागली असावी. मी शेजारच्या आजोबांकडे तक्रार घेऊन गेले. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे 'कॉमनर', म्हणजे माळावर जनावरं सोडण्याचा हक्क असलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "फाटक कोणाचं होतं?" विषय तिथेच संपला. इथे कुंपण घालायचं काम माणसाचं. जनावर त्याच्या जागी आहे, आत तुम्ही आला आहात.

मग त्यांनीच सांगितलं, यातलं एकही तट्टू मोकाट नाही. प्रत्येकाला मालक आहे, अंगावर त्याचा डाग आहे. चराईचा हक्क माणसाला नसतो, जमिनीला किंवा घराला चिकटलेला असतो. त्या हक्काच्या घरात जो राहील त्याची जनावरं माळावर जातील. नुसती चराई नाही, सरपणाचा हक्क वेगळा, दलदलीतलं जळाऊ गवताळ ढेकूळ कापायचा वेगळा, डुकरं सोडायचा वेगळा. या सगळ्यावर देखरेख करायला 'व्हर्डरर' नावाचे दहा पंच आहेत, त्यातले पाच निवडून येतात. शेजारच्या लिंडहर्स्ट गावात त्यांचं न्यायालय भरतं, आजही. सुरुवातीला मुख्य राखणदार, म्हणजे हेड एजिस्टर, उभा राहून 'ओयेझ, ओयेझ' (ऐका, ऐका) अशी आरोळी देतो आणि मग कोणीही उठून आपलं म्हणणं मांडू शकतो. मी एकदा जाऊन बसले होते. खड्डा, कुत्रे, गाड्यांचा वेग, सायकलवाले. ग्रामसभाच ती, फक्त चहा नव्हता आणि मधेच कोणी उठून जात नव्हतं.

एजिस्टर म्हणजे पंचांचे घोडेस्वार राखणदार. प्रत्येकाचा भाग ठरलेला. उन्हाळा सरता सरता ते आणि कॉमनर मिळून तट्टं हाकत कोंडवाड्यात आणतात आणि ज्याची वर्षाची फी भरलेली आहे त्याच्या शेपटीचे केस एका विशिष्ट आकारात कापतात. त्या कापावरून कोणत्या एजिस्टरच्या भागातलं जनावर ते कळतं.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे घरपट्टीची पावती शेपटीला बांधलीन म्हणायची."

आई ऑगस्टमध्ये आली आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत राहिली. खरं तर हे गाव मला तिने दाखवलं. मी ट्रेनच्या वेळा आणि बिनमध्ये कचरा कुठल्या वारी टाकायचा एवढंच शिकले होते. पहिल्याच सकाळी तिने पोळ्या केल्या आणि पहिली पोळी तूप लावून हातात घेऊन दाराकडे निघाली. फाटकाशी गाय उभी होती. माळावर गायीही असतात. मी धावत जाऊन तिला अडवलं. इथे जनावरांना खायला घालायला बंदी आहे, दंड होतो. माणसांनी खाऊ घातलं की ती रस्त्याला येतात, गाड्यांची सवय होते आणि मरतात. आई गायीकडे बघत उभी राहिली. "गोग्रासाला दंड?" एवढंच म्हणाली. तीन महिने रोज पहिली पोळी तिने ताटलीत बाजूला काढून ठेवली आणि रोज रात्री ती मी खाल्ली.

पण रस्त्याचं तिला लगेच पटलं, कारण मीच एकदा थोडक्यात वाचले होते. पहिल्या हिवाळ्यात. चारच्या सुमारास अंधार पडतो आणि माळावरच्या रस्त्याला दिवे नाहीत. वेगमर्यादा ताशी 40 मैल, म्हणजे 64 किलोमीटर, ती मी पाळत होते तरीही काळ्या रस्त्यावर उभी काळी घोडी दिसली ती अगदी बॉनेटसमोर. ब्रेक लागले. ती हलली नाही. मीच पाच मिनिटं थरथरत बसले. काही जनावरांच्या गळ्यात आता चमकणारे पट्टे असतात, पण सगळ्यांच्या नाही.

सप्टेंबरात डुकरं आली. ओकची फळं गळायला लागली की कॉमनर आपली डुकरं रानात सोडतात, किमान 60 दिवसांसाठी. कारण साधं आहे. हिरवी ओकफळं तट्टांना आणि गुरांना विषारी, डुकरांना मात्र मेजवानी. डुकरं फळं खाऊन जागा साफ करतात, मग बाकीची जनावरं सुखरूप. नाकाने जमीन उकरून नासधूस करू नये म्हणून प्रत्येकाच्या नाकात कडी. आईला या व्यवस्थेचं फार कौतुक. आमच्याकडे रानडुकरांनी भात लोळवलं की ती रात्र रात्र डबे वाजवते. इथे डुकरं कामाला लावलेली, तीही नथ घालून! रोज दुपारी ती ओकखाली बाकावर बसून त्यांच्याकडे बघत बसायची. भाषा येत नसताना तिची शेजारच्या आजोबांशी मैत्री तिथेच झाली. दोघं हातवाऱ्यांनी डुकरांबद्दल बोलत. एक दिवस मला बोलावून त्यांनी विचारलं की तुझी आई काय म्हणते आहे. आई विचारत होती, "यांची पोरं करतात काय हो हे पुढे?" आजोबा म्हणाले, करायची इच्छा आहे, पण इथे घर घेणं परवडत नाही. बाहेरचे पैसेवाले सुट्टीपुरती घरं घेऊन ठेवतात. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "आमच्यागतच."

हा माळ असा राहतो तोच जनावरांमुळे. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी इथली झाडं तोडली, निकस जमीन आणखी निकस झाली, आणि तेव्हापासून चराईने झाडांना डोकं वर काढू दिलेलं नाही. गुरं हलवली तर काही वर्षांत बर्च आणि पाइन माजतील. हेदर फार जून आणि लाकडासारखं झालं की हिवाळ्याच्या शेवटी ठरवून पट्टे जाळतात, म्हणजे कोवळं फुटतं. फेब्रुवारीत तो धूर आला की मला भाजावळ आठवते. आणि मे महिन्यात आफ्रिकेतून रातवे येतात. तिन्हीसांजेला माळावर उभं राहिलं की कोणीतरी दूर शिलाई मशीन चालवत असल्यासारखा एकसुरी घर्रघर्र आवाज. आमचा रातवा चक्‌ चक्‌ करतो, याचं गाणं वेगळं. पण नाव एकच, आणि दिवसा पाचोळ्यात पायाखाली आला तरी न दिसण्याची कला एकच.

शांतता म्हणतात ती ही. आवाज नसतो असं नाही, माणसाचा नसतो. पहिलं वर्ष ती मला खायला उठायची हे कबूल करते.

देऊळ कुठे आहे, हे आईने पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं. देऊळ नाही, म्हणून मी तिला टेकडीवरच्या सेंट निकोलस चर्चमध्ये नेलं. अंगणात हजार वर्षांहून जुनं यू वृक्षाचं झाड आहे, पोकळ खोडाचं. जवळच एका साप पकडणाऱ्याचं थडगं. हॅरी मिल्स, गावाने ठेवलेलं नाव ब्रशर. रानात कोळसा पाडणाऱ्यांच्या जुन्या झोपडीत राहायचा, दुबेळक्याच्या काठीने साप पकडायचा आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला विकायचा. 1905 मध्ये वारला. नागपंचमीला दूध ठेवणारी आई त्याच्यापुढे फार वेळ थांबली नाही.

पुढे न्यूझीलंडच्या सैनिकांच्या ओळी लागतात, 93 थडगी. पहिल्या महायुद्धात या गावात त्यांचं इस्पितळ होतं. पण त्यांच्याआधी, 1914 च्या अखेरीपासून, इथे हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी हार्डिंग यांच्या नावाचं. गावात अजून मीरत, म्हणजे आपलं मेरठ, त्या नावाचा रोड आहे. त्या इस्पितळातल्या एका सफाई कामगाराचा दगड या अंगणात आहे. नाव सुखा. राहणार मोहल्ला गंगापूर, शहर बरेली. मृत्यू 12 जानेवारी 1915, वय 30. दगड गावकऱ्यांनी उभारला असं त्यावरच कोरलं आहे, आणि पुढे हेही की धर्माने तो ख्रिस्ती नव्हता.

इथे गोष्ट सांगतात ती अशी. ब्राइटनजवळ हिंदू सैनिकांचं दहन होत असे, तिथे अस्पृश्य म्हणून त्याला घेतलं नाही. वोकिंगला मुसलमानांचं दफनस्थान होतं, तिथे तो मुसलमान नाही म्हणून. शेवटी या गावच्या पाद्र्याने आपल्या अंगणात जागा दिली.

मी वाचून दाखवत होते. आई म्हणाली, "नुसतं सुखा? पुढचं नाव?"

नाही म्हटलं.

"बापाचंसुद्धा नाही?"

ती बराच वेळ दगडासमोर उभी राहिली. मग खाली वाकली आणि दगडाच्या पायाशी साचलेली ओकची पानं हाताने बाजूला सारली, आजोळच्या तुळशीवृंदावनाशी सारते तशी. परतताना ती बोलली नाही. मीही.

आता ती लांज्याला आहे. काल फोनवर तब्येतीचं, पावसाचं, सड्यावर मोजणीवाले येऊन लाल खुणा करून गेल्याचं सांगून झालं. मग म्हणाली, "काय गो, फळं गळली काय? डुकरं सोडलीनी?"

म्हटलं, सोमवारी सोडली.

"आजोबांची किती?"

मला माहीत नव्हतं. म्हणाली, बघून ये, मी फोन धरून ठेवत्ये.