हिरवी खूण

मंगळवार, रात्री

गरोदर बायांना बाळाच्या हालचाली मोजता याव्यात म्हणून आम्ही जे ॲप बनवतो आहोत, त्यातली एकच स्क्रीन आज तीनदा खोडली. आईने बाळाच्या दहा हालचाली नोंदवल्या की त्या स्क्रीनवर मोठी हिरवी खूण उमटायची आणि खाली 'सर्व ठीक आहे' असे शब्द यायचे. दिसायला ती देखणी होती, पण आमच्या सल्लागार प्रसूतितज्ज्ञ बाईंनी ती पाहताच विचारले, "हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगणार?" मला उत्तर देता आले नाही.

दहाचा आकडा प्रसिद्ध झाला तो ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरातल्या मोजणीच्या तक्त्यामुळे, १९७६ साली. तिथे दहा हालचालींसाठी बारा तासांची मुदत होती. पुढे तीच मोजणी दोन तासांवर आली. मात्र सगळ्याच बाळांना लागू पडेल असा नेमका आकडा नाही. वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर हालचाली कमी जाणवू शकतात, आणि पोटातले बाळ झोपते तेव्हा साधारण वीस ते चाळीस मिनिटे स्वस्थ असते. म्हणजे पाहायचे ते या बाळाची रोजची रीत आज बदलली आहे का, एवढेच. आणि ते आईला जितके कळते तितके माझ्या आलेखाला कळणार नाही. दिवस भरत आले की बाळ कमी हलते, हा समज तर चुकीचाच आहे, आणि आमच्या पहिल्या मसुद्यात तो 'माहिती' म्हणून छापलेला होता, हे लिहितानाही लाज वाटते.

संध्याकाळी चौतिसावा आठवडा चालू असलेल्या एका मैत्रिणीला नमुना वापरायला दिला. ती डाव्या कुशीवर झोपली, दिवा मालवला आणि स्क्रीनकडे न पाहता अंगठ्याने बटण दाबू लागली. बाळाच्या एका उसळीला तिचा अंगठा दोनदा पडला आणि मोजणी एकाने फुगली. ही चूक भयंकर आहे, कारण ती खोटा दिलासा देते. शेवटची नोंद मागे घेण्याचे बटण मी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत ठेवले होते. ते आता अंगठ्याखाली आणले आहे. उचकी मोजायची का, असेही तिने विचारले. मोजायची नाही, हे पहिल्याच स्क्रीनवर सांगायला हवे होते.

हिरवी खूण गेली. तिच्या जागी आता असे आहे: 'मोजणी पूर्ण झाली. तरीही हालचाल नेहमीपेक्षा वेगळी वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता आत्ताच रुग्णालयाला फोन करा.' फोनचे बटण मोजणीच्या बटणापेक्षा मोठे केले. रंगसंगती बिघडली, अशी तक्रार उद्या येईलच.

एक काम मात्र मी आठवडाभर टाळत होते. गर्भारपण मध्येच संपले, तर दर रविवारी 'बाळ आता एवढे झाले' असे सांगणारा संदेश त्या बाईला येतच राहणार होता. आज सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर 'संदेश थांबवा' ही ओळ घातली. ती कारण विचारत नाही. जुन्या नोंदी ठेवायच्या की पुसायच्या, हेही त्या बाईलाच ठरवता येईल.